कोण नाय, लाव पुढचं

'नॉनस्टॉप' हा शब्द आमच्या भागात ज्या कुणी आणला, त्याला धोंडूदादानं घातलेल्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही. आयुष्यभर मी प्राथमिक शाळेत शिकवलं. पोराच्या तोंडून शिवी निघाली की माझा हात पट्टीकडे जायचा. पण या एका माणसाच्या शिव्या मी मुकाट ऐकून घेतल्या, आणि आता तो नाही तर त्यातल्या काही माझ्याच ओठांवर येतात. परवा महाडला हायवेलगतच्या एका हॉलमध्ये लग्नाला गेले होते. डीजेनं ऐंशीच्या काळातल्या गाण्यांचा रिमिक्स अल्बम लावला होता. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या उरावर बसत होतं, दुसऱ्याच्या उरावर तिसरं. पंगतीत शेजारच्या बाईंना मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, जरा मीठ सरकवा, आणि त्या दर वेळी मान डोलावून गोड हसत होत्या. शेवटी भात तसाच अळणी गिळला आणि मनातल्या मनात धोंडूदादाची सगळ्यात वाईट शिवी हासडली. बरं वाटलं.

धोंडूदादा म्हणजे धोंडू स्पीकरवाला. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या वाटेला लागलं की मधेच एक फाटा डोंगरात शिरतो. तिथल्या खालच्या वाडीत माझी पहिली शाळा होती. त्याचं घर वरच्या वाडीत. दोन वाड्यांच्या मधे खोल घळ. वरची वाडी डोळ्यांना अगदी समोर दिसायची, पण चढून जायचं म्हटलं की जीव निघायचा. धोंडूदादा तरुणपणी मुंबईला एका मंडपवाल्याकडे कामाला होता. तिथून परत आला तो दोन कर्णे, एक मशीन, गाडीची बॅटरी आणि जुन्या बाजारातून उचललेल्या तबकड्या घेऊन. पायांत पांढरे बूट. आमच्या लाल मातीत पांढरे बूट घालणारा तो एकटाच, आणि ते सतत पुसायला खांद्यावर एक फडका असायचा. बूट मळवणाऱ्याला तो आईबापावरून बोलायचा.

त्या तबकड्यांत अर्ध्याहून जास्त गोऱ्या लोकांची गाणी होती. दणदणीत गिटारी, गळा फाडून ओरडणारे बाप्ये, मधेच टाळ्या. एकाही गाण्याचं नाव त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं आपलीच नावं ठेवली होती. एक 'घड्याळवालं', कारण त्याच्या सुरुवातीला टिकटिक वाजायची. एक 'शिट्टीवालं'. एक 'रडवा गोरा'. लग्नात आधी देवाचं, मग सनईचं आणि मग एकदम घड्याळवालं. नवरीच्या आज्या चुलीपुढून उठून यायच्या, 'धोंड्या, ता टिकटिकीचं लाव रे,' म्हणायच्या आणि पदर खोचून नाचायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इंग्रजी गाण्यांनी संस्कृती बिघडते असं कुणी म्हणालं की मला त्या आज्या आठवतात आणि म्हणणाऱ्याची कीव येते. तो स्वतःही नाचायचा, एक हात मशीनवर ठेवून आणि उरलेल्या सगळ्या अंगानं.

मी नवीन होते तेव्हाच्या पहिल्या लग्नातली गोष्ट. एक गाणं संपलं आणि मांडव एकदम गप्प झाला. मला वाटलं बॅटरी उतरली. धोंडूदादा डावा हात वर करून, डोंगराकडे तोंड करून उभा होता. चेहरा असा की आत्ता कुणाला तरी मारेल. मी शेजारणीला विचारलं, "काय झालं हो?" तर तो तिथूनच खेकसला, "ओ बाई, गप!" हा त्याचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मग जरा वेळानं हात खाली आला. तो स्वतःशीच पुटपुटला, "कोण नाय. लाव पुढचं." आणि स्वतःच्याच हुकमावरून त्यानं पुढची तबकडी लावली.

मला राग आला होता. नंतर कळलं ते असं. तेव्हा डोंगरात फोन नव्हते, आणि आजही रेंज एका कोपऱ्यात उभं राहिलं तरच येते. वरच्या वाडीत काही अडलं, कुणाची बाळंतवेळ आली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर घळीच्या तोंडाशी टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, उभं राहून लांबलचक 'कू' घालायची. ती खाली ऐकू आली की खालचे बाप्ये डोली घेऊन वर धावायचे. पण लग्नाच्या दिवशी डोंगरातले सगळे धडधाकट पुरुष एका मांडवात. वर उरतात म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि गुरं. म्हणजे हाक मारायची वेळ यायची ती नेमकी त्याच दिवशी. म्हणून जुन्या काळी वाजंत्रीसुद्धा दोन गाण्यांच्या मधे पेलाभर पाणी पिण्याइतकं थांबायचे आणि सगळा मांडव कान द्यायचा. वाजंत्री गेले, कर्णे आले. तो थांबा मात्र धोंडूदादानं सोडला नाही.

तो थांबा मोडणाऱ्याची तो गय करत नसे. एका लग्नाला नवऱ्याचा मामा मुंबईहून आलेला. गॉगल, सेंट, सगळं होतं. दोन-तीन गाणी झाली तसा तो ओरडला, "ओ भाऊ, सारखं बंद काय करता? मूड जातोय!"

"तुजा मूड जातोय," धोंडूदादा म्हणाला, "वर कुणाचा जीव जायल त्याचं काय?"

मामानं मशीनला हात लावला. झालं. धोंडूदादानं वायर उपसली, गळ्यात उपरण्यासारखी गुंडाळली आणि पंगतीत जाऊन बसला. भात मागून घेतला, आमटी मागून घेतली, परत भात मागून घेतला. वरात उभी. नवरदेव घोड्यावर, घोडा शेण टाकतोय, आणि हा शांतपणे पापड मोडतोय. शेवटी नवरीचा बाप हात जोडत आला. धोंडूदादा उठला तो थेट मामापाशी.

"हात वर कर. आजून वर. हां. आता आयक. काय आयकू येतंय?"

"काही नाही," मामा म्हणाला.

"ह्येच आयकायचं," धोंडूदादा म्हणाला. "कोण नाय. लाव पुढचं." आणि वायर जोडली.

एकदा ते 'काही नाही' आलं नाही. तो माझ्या समोरचा प्रसंग आहे. शिट्टीवालं संपलं, हात वर गेला, आणि घळीतून बारीक, लांब कू आली. हात खाली आला नाही, मूठ झाली. "ठकूआजीची हाय. पळा रे मेल्यांनो!" ठकूआजीच्या नातवाला पान लागलं होतं. मांडवातले बाप्ये नव्या कपड्यांनिशी घळ चढून गेले, नवरदेवाचा भाऊ फेट्यासकट डोलीला खांदा लावून उतरला. पोर वाचलं. तो पोरगा आज बाप्या होऊन टेम्पो चालवतो, आणि त्या टेम्पोत दिवसभर काय वाजतं? नॉनस्टॉप! महाडच्या स्टँडबाहेर मी त्याला एकदा गाठून फाडफाड बोलले. तो 'हो बाई, हो बाई' करत राहिला आणि मी वळले तसा त्यानं आवाज वाढवला.

कुणाला वाटेल धोंडूदादा नव्या गाण्यांचा वैरी होता. मुळीच नाही. पुढे माझी बदली महाडला झाली. जुन्या गाण्यांचे रिमिक्स अल्बम निघायला लागले तेव्हा पहिली सीडी घेऊन तोच माझ्या दारात हजर. आमच्याकडे नवा प्लेअर होता. "बाई, माजं घड्याळवालं परत आलं! लावा, लावा," म्हणून त्यानं माझ्या यजमानांना खुर्चीवरून उठवलं, खुर्ची भिंतीला लावली, बूट दाराबाहेर ठेवले आणि मोकळ्या जागेत उभा राहिला. टिकटिक सुरू झाली, तिच्याखाली नवा धडधड ठेका आला आणि तो पन्नाशीकडे झुकलेला माणूस जो काय नाचला! माझी सासू आतून लाटणं घेऊन बघायला आली. "ठेका ब्येस घातलाय," तो धापा टाकत म्हणाला. "जुनं मानूस नवीन कपड्यांत आल्यावानी वाटतंय."

गाणं संपत आलं. सवयीनं त्याचा हात वर गेला. आणि त्या वर गेलेल्या हाताखालीच रडवा गोरा सुरू झाला. धोंडूदादा तसाच उभा. मग तो संपत आला आणि शिट्टीवालं घुसलं.

"ह्ये थांबत का नाय?"

"अहो, नॉनस्टॉप आहे ते," माझे यजमान म्हणाले. "मधे थांबत नाही, हीच तर त्याची खुबी."

तेव्हा मी त्या शिव्या पहिल्यांदा ऐकल्या. सासू आत निघून गेली. जरा दम खाऊन तो म्हणाला, "आवं, मानसानं मुतायला जायचं कवा? पोरीबाळींनी घरला जायचं कवा? भांडणं निवायची कवा?" मग त्याचा आवाज खाली आला. "आन कुणी हाक मारली तं?" प्लेअर त्यानं स्वतःच बंद केला. सीडी मात्र घेऊन गेला, कारण घड्याळवालं त्यात होतं.

आता वनाबद्दल सांगायला हवं. वना म्हणजे वनिता, खालच्या वाडीतली, माझ्या शाळेतली पोर. गणितात जेमतेम, पण आवाज असा की प्रार्थनेत तिला मागे उभं करावं लागायचं. धोंडूदादानं तिला सून करून घेतली ती त्या आवाजासाठी. मागणी घालायला गेला तेव्हा पोहे राहिले बाजूला, हा म्हणाला, "पोरी, आंगणात जाऊन एक कू घाल बघू." तिनं घातली. घळीपल्याडून कुत्री भुंकली. "झालं, जमलं," म्हणून यानं नारळ पुढे केला. सगळ्या वाडीला तो कौतुकानं सांगायचा, "आमच्या वनाची कू दोन घळी पार करते." मुलगा मुंबईत कंपनीत, हा आणि बायको पारूवहिनी आणि वना घरी. वर्षाच्या आत नातही आली, सोनल.

एव्हाना खालच्या वाडीपर्यंत रस्ता आला होता आणि रस्त्यावरून डीजे आला होता. धोंडूदादाचे कर्णे कुणी बोलावेनासं झालं. तरी तो प्रत्येक लग्नाला जायचा आणि मशीनवाल्या पोराला सांगायचा, दर गाण्याला थांब. पोरं हो म्हणायची आणि थांबायची नाहीत. त्या दिवशीच्या लग्नाला मीही गेले होते. उन्हाळ्यातली दुपार कलायला लागली होती. वना घरी थांबली होती, पोर अंगावर पीत होतं आणि पारूवहिनींचे गुडघे धरले होते. धोंडूदादा आला, पोराला दम भरला, पोरगा म्हणाला, "हो दादा, थांबतो ना." आणि मग त्यानं ऐंशीवाला अल्बम लावला.

त्या अल्बममधलं एकेक गाणं या वाडीला धोंडूदादानंच शिकवलेलं होतं. टिकटिक वाजली तशी पोरांनी त्याला धरून मधे आणला. "दादा, तुमचंच हाय! दादा, एक स्टेप!" कुणी गळ्यात हार घातला. पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांचं प्रेमच होतं. तो आधी हात झटकत होता. मग पाय हलले. किती दिवसांनी त्याला कुणी मधे बोलावलं होतं! त्याचा हात मधेच वर जायचा, पण गाणं पुढच्या गाण्यात शिरायचं आणि त्याबरोबर तोही शिरायचा. पांढरे बूट लाल झाले. पूर्ण अल्बम तो नाचला.

अल्बम संपला. दुसरा लावायला पोरगा खाली वाकला, तेवढ्यात सगळ्यांच्या आधी धोंडूदादा ताठ झाला. वरून आवाज येत होता. कू नव्हती ती. स्टीलचं ताट कुणी तरी दगडावर आपटत होतं. टण. टण. मधे बराच वेळ जायचा, मग परत टण.

वना लाकडांच्या रचीतून जळण काढायला गेली होती. पान लागलं. टेपावर ती स्वतः चालत आली आणि तिथून स्वतःच कू घालायला लागली. पारूवहिनींनी नंतर मला सांगितलं, "लय येळ घातलीन वो बाई. खालचे नाचताना दिसत व्हते. मला बोल्ली, आत्या, आता गाणं सपंल, मंग आयकतील. मामंजी हायत ना थितं, ते थांबवतील. मंग आवाज गेला तिचा. मंग खाली बसली." तिचा आवाज गेल्यावर वहिनींनी आपला लावला, तोही गेल्यावर ताट घेतलं.

वनाची डोली खाली येईपर्यंत डीजेच्या पोरांनी खोकी रस्त्यावर फेकून टेम्पो मोकळा केला, जीव तोडून हाणला. पोलादपूर यायच्या आत वना गेली. माझ्या शाळेत मी जिला मागे उभं करायची, ती पोर.

आता माझा राग. दहाव्याला जमलेली माणसं म्हणाली, तिची वेळ भरली होती. नशीब म्हणाली. सापाच्या योनीत कुठला पूर्वज आहे ते बघून घ्या, असंही एक शहाणा म्हणाला. गाण्याबद्दल अवाक्षर नाही. उलट विहिरीवर, दुकानात, कुजबुज चालली ती ही, की 'एवडा थांबा थांबा करनारा, तो पन नाचतच व्हता की.' होय, नाचत होता! आयुष्यभर सगळ्यांसाठी थांबला, एक दुपार नाचला. तुमच्यातला एकजण तरी त्याच्याऐवजी त्या दिवशी कान देऊन उभा राहिला असता तर? तुमचं सगळं ऐकण्याचं काम त्या एका माणसाच्या गळ्यात घालून तुम्ही मोकळे झालात, आणि तो एकदा चुकला तर हिशेब त्याच्याच नावावर! मी हे तिथे मोठ्यानं बोलले. मला पाणी दिलं, बसवलं, बाई हळव्या आहेत म्हणाले. मी हळवी नव्हते, मी संतापले होते आणि अजून आहे.

धोंडूदादा स्वतःची बाजू कधी मांडत नसे. पण त्यानंतर त्यानं लग्नांत उच्छाद मांडला. बोलावणं असो-नसो, जायचा. एकदा सांगायचा, थांबा. नाही थांबले तर खिशातल्या पक्कडीनं वायर कापायचा. मार खाल्ला, एकदा दात पडला. एकदा कुणी तक्रार केली म्हणून त्याला चौकीत बसवलं होतं, आणि मी महाडहून सोडवायला गेले. हवालदार बिचारा हसू दाबत होता. "आजोबा, तुमचं म्हणणं तरी काय?"

"गाणं थांबवा म्हंतो."

"आवाज कमी करायला सांगू का त्यांना?"

"आवाज कितीबी मोठा लावू दे ना! कान फुटू देत. थांब म्हंतो, थांब. मोठं नी थांबतं ह्ये दोन येगळं हाय." हवालदार माझ्याकडे बघायला लागला. त्याला समजावून सांगता सांगता मीच भांडायला लागले आणि आम्हा दोघांनाही चहा पाजून घालवून दिलं.

मग त्यानं पक्कड ठेवली आणि दुसरंच काढलं. महाडला एका कॉम्प्युटरवाल्याकडे बसून तो रिमिक्स अल्बम तोडून घ्यायचा. गाणं, मग कोरी जागा, मग गाणं. लग्नात भांडं नाही, पाकीट नाही, ही सीडी आहेर म्हणून द्यायचा. "ह्यो आमचा आल्बम. ठेका तोच हाय, फकस्त थांबतो." लोक नवरा-नवरीच्या मागे टेबलाखाली ती सरकवून ठेवायचे. मलाही एक दिली होती. मी लावली तर यजमान म्हणाले, खराब आहे, मधेच बंद पडते.  त्या कोऱ्या जागेत मला रस्त्यावरची कोथिंबीरवाली ऐकू आली, मोरीतला नळ ऐकू आला. एवढं मात्र लक्षात आलं की आता तो थांब्यानंतर 'कोण नाय, लाव पुढचं' म्हणत नाही. ते शब्द त्या दुपारनंतर मी त्याच्या तोंडून ऐकलेच नाहीत. हात खाली यायचा, पण नाइलाजानं.

सोनलचं लग्न गेल्या वर्षी झालं. नवरा दासगावचा, हॉल हायवेवरचा, डीजे नवऱ्याकडचा. सोनलनं एकच अट घातली होती, गाणी कुठलीही वाजवा, पण एकदा तरी मधे थांबायचं, आजोबांसाठी. पोरगी आईवर गेली आहे, आवाज तसाच. सासरच्यांनी कबूल केलं. माणसं चांगली होती. त्यामुळेच पुढचा घोळ झाला.

टिकटिक वाजली, गाणं झालं, सोनल मुंडावळ्यांसकट उठून डीजेपाशी गेली आणि हात वर केला. डीजे थांबला. आणि माईकवरचा माणूस भरल्या गळ्यानं म्हणाला, "वधूच्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे." झालं! सगळा हॉल खुर्च्या सरकवत उठला. माना खाली, हात पुढे बांधलेले. एकानं तर मोबाईलवर ते उभं राहणं टिपायला घेतलं.

धोंडूदादा पहिल्या रांगेत होता. हातात काठी, पायांत तेच पांढरे बूट, बूट कसले, त्यांची चामडी. तो लाल झाला.

"बसा! बसा रे खाली! ह्ये काय शोकसभा लावलीय?" काठी आपटली. "मेलेलीसाठी नाय थांबवलं ह्ये. ती आता हाक मारनार नाय. जित्यांसाठी थांबवलंय! माना वर करा. कान द्या!"

माईकवाल्यानं माईक खाली ठेवला. माणसं घाबरून बसली. असं गप्प बसलेलं मी एवढ्या माणसांना कधी पाहिलं नाही. बाहेर एक ट्रक गेला. कुणाचं तरी पोर चोखत होतं. आणि मग सगळ्यांनी ऐकलं. स्टेजच्या मागून, आतल्या बाजूनं, कुठला तरी दरवाजा धडधडत होता. थकलेला, थांबून थांबून.

नवऱ्याची मावशी होती. मधुमेह असलेल्या बाई. मुलींच्या खोलीतल्या संडासात गेल्या, कडी अडकली, आणि दोन गाण्यांआधीपासून आत ओरडत होत्या. चारजणांनी दार ढकललं तर त्या फरशीवर बसलेल्या, घामानं चिंब, बोलता येत नव्हतं. तोंडात साखर घातली, वारा घातला. जराशानं त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अरे मुडद्यांनो, मी मेले असते ना!" सगळा हॉल हसला, टाळ्या वाजल्या. नवऱ्याचा बाप धोंडूदादाच्या पायाला लागला. डीजेचा पोरगा पण येऊन म्हणाला, "आजोबा, मानलं. लावू का आता पुढचं?"

 काठी टेकत धोंडूदादा दाराकडे निघाला. पोरानं क्षणभर वाट पाहिली आणि लावलं.

मी त्याच्या मागे गेले. तो हॉलच्या पायरीवर बसला होता, हायवेकडे पाठ करून, डोंगराच्या बाजूला तोंड करून. तिथून पोलादपूरच्या अंगाचे डोंगर नुसते निळे दिसतात, त्यात कुठली वाडी आणि कुठलं काय. मला वाटलं तो खूश असेल. सगळं आयुष्य जे ओरडून सांगितलं ते आज सगळ्यांना पटलं होतं. मी शेजारी बसले आणि तसं म्हणालेही.

"हिचं आयकू आलं," तो म्हणाला.  मग पेला धरावा तसा हात धरून दाखवला. "येवडाच येळ लागतो वो बाई. येवडाच. माज्या पोरीनं येवडाच मागितला व्हता."

त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तो संतापलेला होता, आणि कुणावर ते त्यानं मला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.  दिवाळीच्या सुमाराला तो गेला, मला चार दिवसांनी कळलं. म्हणून ही शेवटची भेट.

आत गाणं संपायला आलं होतं. पायरीवर बसल्या बसल्याच धोंडूदादाचा डावा हात वर गेला. आतल्या कुणाला तो दिसत नव्हता. त्या गाण्यात मिसळून दुसरं सुरू झालं, मग त्यात तिसरं. हात वरच होता.